पलंगासाठी रॅम्प आणला, पण म्हातारा कुत्रा त्यावर पाय ठेवायला तयार नाही

ओसरी :

नमस्कार. आमच्या घरी बंड्या नावाचा १३ वर्षांचा डाशहुंड आहे. वजन साडेनऊ किलो, पाठ लांब, पाय आखूड आणि स्वभाव कमालीचा हट्टी. पिल्लू असल्यापासून तो पलंगावर आमच्या पायांशीच झोपत आला आहे. गेल्या वर्षभरात त्याच्या मागच्या पायांतला जोर कमी होत गेला. आधी तो उडी मारण्यापूर्वी दोन-तीनदा अंग मागे घेऊन अंदाज घ्यायचा, मग अर्ध्या उडीतून खाली घसरू लागला, आणि आता कोणी उचलेल या आशेने पलंगाशेजारी बसून राहतो. वर घेण्याचा प्रश्न उचलून सुटतो. खरी काळजी उतरण्याची आहे. पहाटे तहान लागली की आम्हाला न उठवता तो सरळ खाली उडी टाकतो, आणि फरशीवर त्याची छाती आपटल्याचा आवाज आला की आम्ही दोघेही दचकून उठतो.

पशुवैद्यांनी एक्स-रे पाहून दोन ठिकाणी मणक्यांमधली जागा अरुंद झाल्याचे आणि मागच्या दोन्ही गुडघ्यांत संधिवाताची सुरुवात असल्याचे सांगितले. वेदनेसाठी औषध चालू आहे. उड्या पूर्णपणे बंद करा, असे त्यांनी बजावल्यामुळे आम्ही घडीचा एक रॅम्प आणला. त्याची लांबी १०७ सेंमी, रुंदी ४० सेंमी आणि वर पातळ गालिचा आहे. आमचा पलंग गादीसह ६१ सेंमी उंच आहे. पलंगाच्या बाजूला जेमतेम मीटरभर जागा आहे, पायथ्याशी मात्र भिंतीपर्यंत २ मीटर ४० सेंमी मोकळे आहेत.

पहिल्याच दिवशी आम्ही बंड्याला उचलून रॅम्पच्या मध्यावर ठेवले आणि समोर खाऊ धरून मागून हलकेच ढकलले. तो तिथेच पोट टेकून बसला, पायांची बोटे फाकवली, थरथरू लागला आणि शेवटी बाजूने उडी मारून पळाला, म्हणजे जे टाळायचे होते तेच आम्ही घडवून आणले. तेव्हापासून तो रॅम्पला लांबून वळसा घालून जातो. या वयात त्याला नवे काही शिकवणे शक्य नाही, की रॅम्पच चुकीचा आहे? काही जण लहान पायऱ्या घ्या असे सुचवतात. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांचा अनुभव कळला तर बरे होईल.


रंधा :

ओसरी, आजाराविषयी मी काही बोलणार नाही. मात्र लाकूडकामाचा छंद असल्याने मी माझ्या म्हाताऱ्या कुत्रीसाठी तीन रॅम्प बनवले आणि त्यातले दोन स्वतःच मोडीत काढले, त्यामुळे मोजमापांविषयी थोडे सांगू शकेन.

आपण दिलेल्या आकड्यांतच निम्मे उत्तर आहे. ६१ सेंमी उंचीला १०७ सेंमीची फळी टेकवली की साधारण ३५ अंशांचा चढ होतो. लांब पायांचा तरुण कुत्रा तो धावत चढेल; बंड्याला मात्र चढताना सगळा भार दुखऱ्या मागच्या पायांवर घ्यावा लागेल, आणि उतरताना आपण तोंडावर पडणार असे वाटेल. पाठीचा त्रास असलेल्या लहान कुत्र्यासाठी १८ ते २० अंश धरावेत आणि २५ च्या पुढे कोणत्याही परिस्थितीत जाऊ नये, असे माझे मत आहे. लक्षात ठेवायला हिशेब सोपा आहे. फळीची लांबी उंचीच्या दुप्पट घेतली तर चढ ३० अंशांचा होतो, अडीचपट घेतली तर साडेतेवीसच्या आसपास आणि तिप्पट घेतली तर साडेएकोणीस. आपल्या पलंगाला तिप्पट म्हणजे १८३ सेंमी लांबीची फळी लागेल आणि ती जमिनीवर सुमारे १७३ सेंमी जागा घेईल. पायथ्याच्या २४० सेंमीमध्ये ती बसते, आणि खाली उतरल्यावर बंड्याला वळायला ६५ सेंमीच्या आसपास जागा उरते. उंची मोजताना ती पलंगाच्या लाकडापर्यंत नव्हे, तर गादीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत मोजावी. ‘या उंचीला चालेल’ असे वेष्टनावर छापलेले असते, त्याचा अर्थ बहुतेक वेळा फक्त ‘टेकेल’ एवढाच असतो.

आता माझे दोन फसलेले रॅम्प. पहिला पातळ प्लायवूडचा होता. कुत्री अवघ्या सात किलोंची, त्यामुळे फळी मोडण्याचा प्रश्नच नव्हता. पण मध्यावर पोहोचली की फळी किंचित लचकायची. आपल्याला ती लचक डोळ्यांनी दिसतही नाही, तळव्यांना मात्र कळते, आणि एकदा पायाखालची जमीन हलली की कुत्रा त्या जमिनीवर पुन्हा विश्वास ठेवत नाही. घडीच्या रॅम्पमध्ये हा दोष मधल्या बिजागरीपाशी असतो. आपण आपल्या रॅम्पच्या मध्यावर हाताचा तळवा ठेवून जोर द्या. तो खाली दबत असेल किंवा ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर बंड्या थरथरला यात नवल नाही. दुसरा रॅम्प भक्कम होता, पण मी तो पलंगाला नुसता टेकवून ठेवला होता. कुत्री उतरताना तो दीड-दोन सेंमी मागे सरकला आणि गादी व फळी यांच्यात फट पडली. तिचा पाय त्या फटीत गेला. सुदैवाने इजा झाली नाही, पण पुढचे दोन महिने ती त्या बाजूला फिरकली नाही.

तिसरा रॅम्प १२ मिमी प्लायवूडचा केला आणि खालून लांबीच्या दिशेने दोन उभ्या पट्ट्या ठोकल्या, त्यामुळे लचक गेली. वरच्या टोकाला दोन आकडे लावून ते पलंगाच्या चौकटीत अडकवले आणि खालच्या टोकाला रबराची पट्टी चिकटवली. पृष्ठभागासाठी फुगीर वेटोळ्यांचा गालिचा टाळावा, कारण त्यात नखे अडकतात. दाट, आखूड केसांचा गालिचा किंवा बारीक खोबणींची रबरी चटई बरी, आणि ती नुसती अंथरू नये, तर कडेपर्यंत चिकटवावी. हीच चटई वरच्या टोकाला वीतभर लांब ठेवून गादीवर येऊ दिली की सांधा झाकला जातो. कुत्री सर्वांत जास्त तिथेच अडखळतात.


निवांत :

मी थोडे वेगळे मत मांडतो, आणि ते रुचणार नाही याची मला कल्पना आहे. फळी १८३ सेंमीची करण्याऐवजी पलंगच खाली का आणू नये? आमच्या पलंगाचे पाय आट्यांवर बसवलेले होते. ते काढल्यावर उंची ५८ सेंमीवरून ४२ वर आली. पुढे कुत्र्याची नजर अगदीच मंदावली, तेव्हा आम्ही गादी थेट जमिनीवर टाकली आणि दीड वर्ष तसेच झोपलो. त्याच्या जगण्यातला तो काळ एकूण हिशेबात फार मोठा नव्हता, आणि आमच्या गुडघ्यांनी केलेली कुरकुर सोडली तर कोणाचेही काही बिघडले नाही. ज्या घरात कुत्रा रात्री तीन-चार वेळा उठतो, त्या घरात कितीही चांगला रॅम्प केला तरी अंधारात आणि अर्धवट झोपेत त्याचा पाय चुकू शकतो. पायांचा तोल गेलेल्या कुत्र्याला उंचावर झोपवायचेच कशाला, हा प्रश्न रॅम्प विकत घेण्याआधी विचारायला हवा.

पलंग उतरवता येत नसेल तर बिछाना पलंगाशेजारी जमिनीवर घालून, झोपताना त्याच्या अंगाला आपला हात लागेल अशी सोय करून पाहावी. काही कुत्री ते स्वीकारतात. बंड्याचे वर्णन वाचून तो स्वीकारेल असे मला वाटत नाही.


सावळी :

निवांत यांचे पटते, परंतु सर्वांनाच पलंग जमिनीला टेकवता येत नाही. म्हणून मी शिकवण्याविषयी लिहिते. आमच्या पॉमेरेनियनची गुडघ्याची वाटी जागेवरून सरकत असे, आणि तिला आम्ही अकराव्या वर्षी रॅम्प शिकवला. तेव्हा वयाचा प्रश्न मनातून काढून टाका. म्हातारा कुत्रा नवे शिकतो, फक्त त्याला घाई चालत नाही आणि एका वाईट अनुभवाची भरपाई करायला वीस चांगले अनुभव लागतात.

बंड्याला मध्यावर ठेवणे आणि ढकलणे, या दोन्ही चुका आम्हीही केल्या होत्या. कुत्र्याला रॅम्पवर कधीही उचलून ठेवू नये. तिथे तो स्वतःच्या पायांनी आला पाहिजे, म्हणजे परत कसे जायचे हे त्याला ठाऊक असते. आता पहिले काम म्हणजे रॅम्प पलंगापासून काढून दुसऱ्या खोलीत जमिनीवर आडवा टाकणे. आठवडाभर त्याला त्यावर चालायला सांगूच नका. त्याचे खाण्याचे भांडे आधी रॅम्पजवळ, मग काठाशी, मग फळीवर अशा रीतीने सरकवत न्या. आमची कुत्री पहिल्या दिवशी चारही पाय जमिनीवर ठेवून मान जिराफासारखी ताणून खात होती. तिसऱ्या दिवशी पुढचा एक पाय फळीवर आला, तिने तो लगेच उचलला, फळीचा वास घेतला आणि पुन्हा ठेवला. तेव्हा मी काही बोलले नाही, फक्त खाऊचा एक तुकडा त्या पायाशेजारी ठेवला. बोलून कौतुक केले की ती माझ्याकडे पाहायची आणि पाय कुठे आहे हे विसरायची.

आडव्या फळीवर तो सहज ये-जा करू लागला की एका टोकाखाली जाडजूड पुस्तक ठेवा, मग दोन, मग एखादी बैठी पायरी. फळी डगमगणार नाही याची प्रत्येक वेळी खात्री करा. उंची वाढवल्यावर तो कचरला, तर मागच्या उंचीवर परत या आणि तिथे दोन दिवस राहा. या काळात गळ्याच्या पट्ट्याला दोरी लावून ओढू नका. छातीला बसणारा हार्नेस घालून तुम्ही फक्त शेजारून चाला. हार्नेस तोल सावरण्यासाठी आहे, ओढण्यासाठी नाही. आणि शिकवणी चालू असताना पलंगावर चढणे-उतरणे तुमच्या हातांनीच होऊ द्या. दिवसा रॅम्प आणि पहाटे उडी असे चालले तर तो उडीच पक्की करेल.

चढणे लवकर जमते, उतरणे उशिरा. म्हणून उतरण्याचा सराव वरून सुरू न करता खालून करावा. रॅम्पच्या शेवटच्या वीतभर भागावर तो स्वतः चढला की तिथूनच त्याला वळवून उतरवायचे, मग थोडे आणखी वरून, असे करत जायचे. याकरिता फळी एवढी रुंद हवी की त्याला तिच्यावर वळता येईल. डाशहुंडला ४० सेंमी मला अपुरी वाटते. शक्य असल्यास ५० करा.

पायऱ्यांबद्दल विचारले आहे म्हणून सांगते. लहान पायऱ्या जागा कमी घेतात आणि पाठ आखूड असलेल्या, गुडघे बरे असलेल्या कुत्र्याला चालतातही. पण डाशहुंड पायरी चढतो तेव्हा पुढचे धड एका पायरीवर, मागचे दोन पायऱ्या खाली आणि मधली पाठ वाकलेली, अशी त्याची अवस्था होते. उतरताना तर तो प्रत्येक पायरीवर छोटी उडीच मारतो. एक मोठी उडी टाळून चार छोट्या मारायला लावण्यात काय मिळवले, हे मला कळलेले नाही.


दवापाणी :

मी लहान प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्यक आहे. बंड्याला पाहिलेले नसल्यामुळे त्याच्या उपचारांविषयी बोलणार नाही, पण काही गोष्टी या चर्चेत नोंदवल्या जाव्यात असे वाटते.

डाशहुंड, पेकिनीज, शिह त्झू, बीगल, फ्रेंच बुलडॉग अशा जातींमध्ये मणक्यांमधली चकती फार लवकर, कित्येकदा वयाच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच, कडक होऊ लागते. आतला मऊ गाभा कोरडा पडतो, त्यात चुना साठतो, आणि पुढे कधीतरी तो वरचे आवरण फोडून मज्जारज्जूवर दाबला जातो. ही झीज उडी मारल्यामुळे सुरू होत नाही. ती जातीतच असते. त्यामुळे रॅम्प बसवला म्हणजे आता काही होणार नाही, असे समजू नये. रॅम्पचा उपयोग झिजलेल्या पाठीवर आणि सांध्यांवर रोज बसणारे धक्के कमी करण्यासाठी आहे, आणि तो उपयोग मोठा आहे. कुत्रा उभा असताना त्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पुढच्या पायांवर असतो. उंचावरून उतरताना जवळजवळ सगळाच भार खांदे, कोपर आणि मनगटे यांच्यावर येतो. ओसरी यांनी लिहिलेला छाती आपटल्याचा आवाज त्याचाच आहे.

रॅम्प नाकारणे हे नेहमीच भीतीचे लक्षण नसते. पूर्वी नीट चढणारा कुत्रा अचानक नकार देऊ लागला, तर आधी वेदना आहे का ते पाहावे. पाठ कमानीसारखी उचलून चालणे, उचलताना ओरडणे, मागचा पाय टाकताना पंजा उलटा पडणे, दारू प्यायल्यासारखी चाल, मागचे पाय ओढणे किंवा लघवीवरचा ताबा जाणे, यांतले काही दिसले तर तो विषय रॅम्पचा राहत नाही. पाय ओढले जाऊ लागले की त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठावा; अशा वेळी काही तासांनीही फरक पडतो. आणि पशुवैद्यांनी पिंजऱ्यातली सक्तीची विश्रांती सांगितली असेल, जी सहसा काही आठवडे चालते, तर त्या काळात रॅम्पही बंद. ‘उडी तर मारत नाही, फक्त चालतच वर जातो’ हा युक्तिवाद मी पुष्कळ वेळा ऐकला आहे.

माणसांची वेदनाशामके कुत्र्याला देऊ नयेत. आयबुप्रोफेनने जठरात व्रण आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, आणि घरातल्या उरलेल्या गोळीची अर्धी मात्रा कुत्र्यासाठी ‘थोडी’ नसते.

तळव्यांकडेही पाहावे. नखे वाढलेली असली की पंजा पूर्ण टेकत नाही, आणि बोटांमधले केस वाढले की रबरी चटईवरही पाय घसरतो. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या डोळ्यांत जी निळसर झाक येते ती बहुधा मोतीबिंदू नसून भिंगाचा कडकपणा असतो. दिसते, पण जवळच्या खोलीचा अंदाज चुकू शकतो. म्हणून रॅम्पच्या दोन्ही टोकांना फळीपेक्षा वेगळ्या, ठळक रंगाची पट्टी लावावी आणि रात्री मंद दिवा ठेवावा. शेवटचे म्हणजे वजन. साडेनऊ किलो हे बंड्याच्या हाडापेराला योग्य आहे का, हे आपल्या पशुवैद्यांना विचारा. बरगड्या हलक्या हाताने चाचपून लागत नसतील, तर त्याच्यासाठी कोणत्याही फळीपेक्षा घटलेले अर्धा किलो वजन अधिक काम करेल.

उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांच्या मागे धरून पाठ आडवी राहील असे उचलावे. बगलेत धरून लोंबकळत उचलणे टाळावे.


ओसरी :

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहीत आहे, कारण सांगण्यासारखे काही घडल्यावरच लिहायचे ठरवले होते.

रंधा यांनी सांगितल्याप्रमाणे जुन्या रॅम्पच्या मध्यावर तळवा ठेवून जोर दिला, आणि बिजागरीपाशी तो बोटभर खाली गेला. बंड्याची मनातल्या मनात माफी मागितली. निवांत यांचे म्हणणेही अर्धे मान्य केले: पलंगाचे पाय काढल्यावर उंची ४९ सेंमी झाली, त्यामुळे १५० सेंमीच्या फळीत काम भागले. रुंदी ५० ठेवली, खालून पट्ट्या, वर आकडे आणि चटईचा लांबवलेला तुकडा, सारे सांगितल्यासारखे केले. फळी नऊ दिवस जमिनीवरच होती. दहाव्या दिवशी सकाळी आम्ही चहा घेत असताना तो आपण होऊन तिच्यावर जाऊन झोपला, तेव्हा पुढच्या टप्प्यावर जायला हरकत नाही असे समजलो. आता तो रात्री आमच्या आधी चढून बसलेला असतो. वजन ३०० ग्रॅमने उतरले आहे. पशुवैद्यांच्या मते आणखी अर्धा किलो उतरायला हवे. गेल्या दोन आठवड्यांत पहाटेचा तो आवाज एकदाही आला नाही.

एक अडचण मात्र उरली आहे. उतरताना तो दोन-तृतीयांश अंतर व्यवस्थित येतो आणि मग डाव्या कडेवरून खाली उतरतो. तिथे उंची वीतभरच आहे, पण ती उडीच. कडेला कठडा लावावा का, आणि किती उंच?


रंधा :

कडेला पाच-सहा सेंमी उंचीची पट्टी पुरेशी आहे. तिचा उपयोग पाय कडेला आल्याचे त्याला कळावे एवढाच असतो. उंच कठडा लावला तर वळताना तो त्याला अंग घासेल, किंवा त्यावरून उडी मारायला शिकेल, जे आणखी वाईट. मात्र नुसत्या पट्टीने तो थांबेल असे वाटत नाही. नेहमी डावीकडेच उतरतो याचा अर्थ डावीकडे काहीतरी आहे. पहाटे तो तहान लागल्यावर उठतो असे आपण सुरुवातीलाच लिहिले होते. पाण्याचे भांडे कुठे आहे?


ओसरी :

डावीकडे, दाराशी. आजच उचलून रॅम्पच्या बरोबर समोर, भिंतीलगत ठेवते.